बदामाचा गंध, विषाचे नाव

पॅरिस येथील ख्रिश्चन डिऑर या वस्त्रभूषा क्षेत्रातील नामांकित पेढीने १९९८ मध्ये ‘हिप्नॉटिक पॉयझन’ हे परफ्यूम बाजारात आणले. ‘मोहिनी घालणारे विष’ असा या नावाचा साधारण अर्थ होतो. ॲनिक मेनार्डो या फ्रेंच सुगंधरचनाकार स्त्रीने ते सिद्ध केले. याच पेढीचे ‘पॉयझन’ हे परफ्यूम १९८५ पासून गाजत होते आणि सफरचंदाच्या आकाराची त्याची जांभळी कुपी सर्वांच्या ओळखीची झाली होती. नव्या परफ्यूमला तोच आकार, पण लाल रंग देण्यात आला. कुपीतला गंध मात्र सर्वस्वी वेगळा होता. स्त्रियांच्या परफ्यूममध्ये प्रामुख्याने फुले आणि फळे दरवळत असताना येथे अग्रस्थान कडू बदामाला मिळाले होते.

कोणाला त्यात मिठाई आठवते, कोणाला खोकल्याचे औषध, तर कोणाला लहानपणी शाळेत वापरलेली खळ. एकच गंध इतक्या निरनिराळ्या आठवणी जागवतो, याचे कारण बदामाच्या रसायनात आहे. तेथे सुवास आणि विष खरोखरच एका मुळातून निघतात. हे परफ्यूम अंगावर कसे, किती आणि कोठे वापरावे, याचे उत्तरही त्या रसायनाच्या ओळखीतून मिळते.

गोड बदामाला वास नसतो

रात्री भिजत घालून सकाळी सोललेला बदाम नाकाशी धरला, तर ज्याला आपण ‘बदामाचा वास’ म्हणतो तो त्यात जवळजवळ येतच नाही. डोक्याला लावायच्या बदाम तेलाचीही तीच गत. गोड बदामाचे तेल स्निग्ध आणि सौम्य असते, पण त्याला नाव घेण्यासारखा गंध नसतो. बिस्किटे, केक, आइस्क्रीम आणि साबण यांतून ओळखीचा झालेला तीव्र, किंचित चेरीसारखा गंध हा कडू बदामाचा आहे.

गोड आणि कडू बदाम एकाच जातीच्या झाडांना येतात. कडू बदामात अमिग्डॅलिन नावाचे द्रव्य भरपूर असते. ग्रीक भाषेतील बदामाच्या शब्दावरून हे नाव पडले आहे. अमिग्डॅलिनला स्वतःला वास नसतो. बदाम चावला, ठेचला किंवा ओला करून वाटला की पेशी फुटतात आणि त्यांतील विकरे अमिग्डॅलिनवर काम करू लागतात. मग एका रेणूतून ग्लुकोजचे दोन रेणू, बेन्झाल्डिहाइडचा एक आणि हायड्रोजन सायनाइडचा एक रेणू मोकळा होतो. यांपैकी बेन्झाल्डिहाइड म्हणजे बदामाचा वास, आणि हायड्रोजन सायनाइड म्हणजे जीवघेणे विष. बी खाऊ पाहणाऱ्या प्राण्याला परतवून लावण्यासाठी झाडाने केलेली ही तजवीज आहे.

रानटी बदाम कडूच असतात. माणसाने हजारो वर्षांपूर्वी त्यांतून गोड बियांची झाडे निवडून वाढवली. गोडवा नेमका कोठून आला, याचा उलगडा २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने केला. एका नियंत्रक जनुकातील एकाच ठिकाणच्या बदलामुळे अमिग्डॅलिन तयार करणारी यंत्रणा थंडावते आणि बी गोड होते. म्हणजे बदाम खाण्याजोगा झाला, तेव्हाच तो आपल्या सुप्रसिद्ध वासालाही मुकला.

जर्दाळू, आलुबुखार, पीच आणि चेरी ही बदामाचीच भावंडे असून त्यांच्या बियांतही अमिग्डॅलिन असते. सफरचंदाच्या बियांतही ते थोड्या प्रमाणात सापडते. ‘पॉयझन’च्या कुपीला सफरचंदाचा आकार देताना हा संबंध कोणाच्या मनात असो वा नसो, योगायोग मात्र चपखल आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर आणि शाळांच्या आवारात आढळणारा पसरट फांद्यांचा, मोठ्या पानांचा ‘बदाम’ मात्र या कुटुंबातला नाही. त्याचा गर मुले आवडीने खातात, पण खऱ्या बदामाशी त्याचे नाते केवळ नावापुरते आहे.

नाताळच्या ताटातला साक्षीदार

बदामाचा गंध बदामावाचूनही नांदू शकतो, याची साक्ष गोव्यात दर नाताळाला मिळते. नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंक यांच्या पंगतीला बसणारे मार्झिपान युरोपात बदामाच्या पिठाचे करतात. गोव्यात काजू मुबलक, म्हणून येथील अनेक घरांत ते काजूच्या पिठाचे होते. त्यात बदामाच्या इसेन्सचे काही थेंब पडले की खाणाऱ्याला ते ‘बदामाचे’ वाटू लागते. पीठ काजूचे, गोडी साखरेची आणि बदाम केवळ गंधात.

त्या इसेन्समध्येही बदाम असेलच असे नाही. नैसर्गिक म्हणून विकला जाणारा बदामाचा अर्क बहुधा जर्दाळूच्या किंवा त्या कुळातील अन्य फळांच्या बियांपासून काढलेला असतो, तर स्वस्त इसेन्समधील बेन्झाल्डिहाइड कारखान्यात तयार होते. नाकाला या दोहोंत फारसा फरक जाणवत नाही, कारण दोन्हीकडे गंध देणारा मुख्य रेणू एकच असतो. डिऑरच्या परफ्यूममधील बदामही याच अर्थाने बदाम आहे. कुपीत बदाम पिळलेला नाही, बदामाची आठवण रचलेली आहे.

विष वेगळे काढण्याचा इतिहास

ही रचना शक्य होण्यासाठी रसायनशास्त्राला मोठी वाट चालावी लागली. १८३० मध्ये पिएर रोबिके आणि त्यांच्या सहकाऱ्याने कडू बदामातून अमिग्डॅलिन वेगळे केले. १८३२ मध्ये फ्रीड्रिख व्होलर आणि युस्टुस लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कडू बदामाच्या तेलावर प्रयोग केले. अनेक रासायनिक क्रियांतून अणूंचा एक गट न मोडता एका संयुगातून दुसऱ्यात जातो, हे त्यांनी दाखवले. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या इतिहासात हा प्रबंध मैलाचा दगड मानतात. १८३७ मध्ये याच दोघांनी अमिग्डॅलिनच्या विघटनाचा उलगडा केला. सुवास आणि विष ही एकाच द्रव्याची दोन अपत्ये आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

कडू बदामाचा चोथा पाण्यात भिजवून ऊर्ध्वपातन केले की मिळणाऱ्या तेलात सायनाइडही उतरते. म्हणून सुगंध किंवा खाद्य यांसाठी वापरायचे तेल चुना आणि लोहाचे क्षार यांच्या साहाय्याने शुद्ध करून पुन्हा ऊर्ध्वपातित करतात. आज सुगंध उद्योगात वापरले जाणारे बहुतांश बेन्झाल्डिहाइड टोल्युइन या पेट्रोलियमजन्य द्रवापासून बनते. त्यात सायनाइडचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रतिष्ठित परफ्यूममधील बदामाच्या गंधाने विषबाधा होईल, ही भीती त्यामुळे निराधार आहे.

स्वस्त पर्यायाच्या नादात घडलेल्या अनर्थाची नोंद मात्र इतिहासात आहे. १८३४ मध्ये आइलहार्ड मित्शरलिख यांनी बेन्झिनपासून नायट्रोबेन्झिन तयार केले. त्याचा वास कडू बदामासारखा असल्याने ‘मिरबेन तेल’ या नावाने ते साबण आणि स्वस्त सुगंधी वस्तूंत वापरले जाऊ लागले. हे द्रव्य कातडीतून शरीरात शिरते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवते. त्याच्या विषबाधेच्या अनेक घटना घडल्या. आता युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत नायट्रोबेन्झिन वापरण्यास मनाई आहे. गंध सारखा म्हणून द्रव्य सारखे नव्हे, हा धडा त्या घटनांनी दिला. अनोळखी ठिकाणाहून सुटा ‘बदाम सेंट’ घेणाऱ्याने तो आजही ध्यानात ठेवायला हवा.

टिकणारा बदाम कसा घडतो

बेन्झाल्डिहाइड हलके आणि लवकर उडून जाणारे द्रव्य आहे. एकट्या त्याच्या बळावर परफ्यूम उभे राहत नाही, कारण काही मिनिटांतच बदाम नाहीसा होईल. म्हणून सुगंधरचनाकार त्याच्या पाठीशी जड आणि सावकाश उडणारी द्रव्ये उभी करतात. त्यांपैकी तीन विशेष महत्त्वाची आहेत.

पहिले हेलिओट्रोपिन, म्हणजेच पिपरोनल. त्याचा वास पावडरीसारखा मऊ, व्हॅनिला आणि बदाम यांच्या मधला असतो. १८६९ मध्ये ते प्रथम तयार झाले, तेव्हा त्याचे मूळ होते काळ्या मिरीतील पायपरीन. पिपरोनल या नावातला ‘पिपर’ लॅटिनमार्गे थेट संस्कृत पिप्पलीपर्यंत पोहोचतो. ज्या मिरीसाठी पोर्तुगीज गलबते मलबारला आली, तिच्यातून पुढे साडेतीनशे वर्षांनी युरोपच्या प्रयोगशाळेत बदामाचा मऊ गंध निघाला. दुसरे कुमारिन. ते दक्षिण अमेरिकेतील टोन्का बियांत असते, आणि विल्यम हेन्री पर्किन यांनी १८६८ मध्ये ते कृत्रिमरीत्या बनवले. वाळल्या गवताची ऊब आणि बदामाची छटा ही त्याची ओळख. तिसरे व्हॅनिलिन, जे १८७४ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाले.

या द्रव्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बदामी छटेची एक परंपराच निर्माण केली. झाक गेर्लां यांनी १९०६ मध्ये रचलेले ‘आप्रे लोंदे’ आणि १९१२ मधील ‘लर ब्ल्यू’ ही हेलिओट्रोपिनच्या मऊपणासाठी प्रसिद्ध आहेत. त्या रचनांत बदाम फुलांच्या आडून डोकावतो. मेनार्डो यांनी त्याला पुढे आणून बसवले, हेच ‘हिप्नॉटिक पॉयझन’चे वेगळेपण. पुढे २०१८ मध्ये टॉम फोर्ड यांच्या नावाने आलेल्या ‘लॉस्ट चेरी’ने कडू बदामाला चेरीची जोड दिली. बदाम आणि चेरी यांच्या गंधाचा गाभा एकच रेणू असल्याने ही सोयरीक मुळातच घरची होती.

कुपीच्या आत काय आहे

‘हिप्नॉटिक पॉयझन’च्या घटकांची नावे मराठी स्वयंपाकघराला परकी नाहीत. कडू बदामाच्या सोबतीला कॅरवे आहे. शहाजिरे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मसाल्याच्या गोत्रातला हा जिन्नस गोडव्याला तिखट, किंचित औषधी धार देतो. मधल्या भागात ‘जास्मिन सांबाक’ आहे, म्हणजे आपला मोगरा. तळाशी शेवाळी, लाकडी छटा आहे. परफ्यूमच्या व्यवहारात ज्याला ‘ओक मॉस’ म्हणतात ते वस्तुतः शेवाळ नसून दगडफूल आहे, म्हणजे गोड्या मसाल्यातील दगडफुलाचा युरोपीय सोयरा. सर्वांत शेवटी व्हॅनिला आणि कस्तुरीसदृश द्रव्ये उरतात.

त्वचेवर पहिली काही मिनिटे कडू बदाम आणि शहाजिरे यांची असतात. याच वेळी काहींना औषधाचा किंवा खळीचा भास होतो. दुकानात कागदाच्या पट्टीवर वास घेऊन तेथल्या तेथे नापसंती दर्शवणारे बहुधा एवढाच भाग हुंगतात. अर्ध्या तासाने मोगरा वर येतो आणि कडवटपणा मवाळ होतो. पुढचे कित्येक तास व्हॅनिला, पावडर आणि लाकूड यांची ऊब राहते. म्हणून हे परफ्यूम घेण्याआधी मनगटावर एकच फवारा मारून निदान तीन-चार तास थांबावे. कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहिल्यास त्वचेला ते मानवते की नाही, हेही कळते. कुमारिनसारख्या काही सुगंधी घटकांची ॲलर्जी काही लोकांना असते. युरोपीय नियमांनुसार ठरावीक प्रमाणापुढे अशा घटकांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. दगडफुलाच्या अर्कावरही याच कारणाने बंधने आली आहेत.

दमट हवेत किती लावावे

असे गंध युरोपच्या थंड, कोरड्या संध्याकाळी लोकरी कपड्यांवर खुलतात. गोव्याची हवा त्याच्या नेमकी उलट. उष्णतेने सुगंधी द्रव्ये वेगाने उडतात, आणि उबदार, दमट हवेत नाकालाही गंध अधिक जाणवतो. पॅरिसमध्ये चार फवारे जे काम करतील ते पणजीत मे महिन्याच्या दुपारी एकाच फवाऱ्याने होते. वर घामाची भर पडली की व्हॅनिलाचा गोडवा जड आणि चिकट वाटू लागतो. डिसेंबर-जानेवारीतील संध्याकाळ आणि उघड्यावरचा समारंभ हा या परफ्यूमचा खरा काळ. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात ते वापरायचेच असेल, तर कपड्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी एक फवारा पुरेसा आहे.

मात्रेचा अंदाज चुकतो तो नाकाच्या स्वभावामुळे. एकच गंध सतत आला की काही वेळातच नाक त्याची दखल घेणे थांबवते. लावणाऱ्याला वाटते, वास उडून गेला. तो आणखी दोन फवारे मारतो. शेजारी येऊन बसणाऱ्याचे नाक मात्र ताजे असते, आणि त्याला तिन्ही फवारे एकदम भेटतात. उग्र वासाने अर्धशिशीचा झटका येणारे किंवा दम्याचा त्रास वाढणारे लोक प्रत्येक गर्दीत असतात. भरलेली कदंब बस, वातानुकूलित कार्यालय, दवाखान्याची प्रतीक्षा-खोली, मंदिराचा सभामंडप किंवा चर्चमधील बाक सोडून त्यांना उठून जाता येत नाही. १९८५ मधील मूळ ‘पॉयझन’ इतके उग्र होते, की अमेरिकेतील काही उपाहारगृहांनी ‘धूम्रपान नको, पॉयझनही नको’ अशा पाट्या लावल्याची आख्यायिका आजही सांगितली जाते. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला पुसट जाणवेल, त्यापलीकडे जाऊ नये, हे माप सुरक्षित आहे.

काही गोष्टी व्यवहाराच्या आहेत. व्हॅनिलिन असलेली परफ्यूम काळानुसार गडद होतात आणि फिक्या कपड्यावर डाग पाडू शकतात. पांढरे सुती कपडे आणि रेशमी साडी यांवर थेट फवारा मारू नये. मनगटे एकमेकांवर घासण्याचाही काही उपयोग नाही. बेन्झाल्डिहाइड हवेच्या संपर्काने सावकाश बेन्झॉइक आम्लात बदलते आणि त्याचा वास मावळतो. प्रकाश व उष्णता या बदलाला हातभार लावतात. म्हणून कुपी खिडकीत, स्नानगृहात किंवा उन्हात उभ्या मोटारीत न ठेवता तिच्या मूळ खोक्यात घालून कपाटात ठेवावी. जुन्या कुपीतील बदाम फिका वाटला, तर ती नकलीच असेल असे नाही. साठवण चुकलेली असण्याची शक्यताही तितकीच आहे.

कुपीबाहेरचा धोका

डिऑरच्या परफ्यूममधील ‘विष’ केवळ नावात आहे. खरा धोका कुपीबाहेर, कडू बियांत आहे. बदामाच्या गंधाची आवड असणारे काही जण घरगुती अर्क किंवा सौंदर्योपचार यांसाठी कडू बदाम वाटतात, आणि जर्दाळूच्या बियांतील गर ‘नैसर्गिक औषध’ म्हणून खाल्ला जातो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, प्रौढ व्यक्तीने एका वेळी जर्दाळूच्या तीनहून अधिक लहान कच्च्या बिया खाल्ल्या तरी सायनाइडची सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. मुलांसाठी ही मर्यादा याहून खूपच खाली आहे. बदाम खाताना एखादा कडू लागला तर तो थुंकून टाकावा, हा घरोघरी दिला जाणारा सल्ला शास्त्राच्या कसोटीवर पुरेपूर उतरतो.

वासावरून विष ओळखता येईल, हा भरवसाही फोल आहे. रहस्यकथांतील गुप्तहेर मृताच्या ओठांपाशी कडू बदामाचा वास घेऊन सायनाइडचे निदान करतात. प्रत्यक्षात बऱ्याच लोकांना हायड्रोजन सायनाइडचा वास येतच नाही. उलट ज्या बेन्झाल्डिहाइडचा वास सर्वांना चटकन येतो, ते केकमध्येही असते आणि परफ्यूममध्येही. नाकाला सुवास आणि संकट यांतला भेद करता येत नाही. तो रसायनशास्त्राने केला, आणि म्हणून कडू बदाम गळ्याजवळ निर्धास्तपणे लेण्याची सोय झाली. कुपीतल्या द्रव्याची सुरक्षितता कारखान्यात पाहिली जाते. किती फवारे मारायचे, हे मात्र शेजारी कोण बसणार आहे ते पाहून लावणाऱ्यानेच ठरवायचे असते.